चौथ्या हातातलं मूल

कोळवण खोऱ्यातल्या त्या फार्महाऊसवर मी दोन हिवाळे काम केलं. त्याआधी अकरा वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान लावत होतो. ते पान बंद झालं, त्याच सुमारास एका संस्थेला नोंदी ठेवणारा माणूस हवा होता. पहिल्याच दिवशी काम समजावून सांगितलं गेलं. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, कॅमेरा चालवायचा, घड्याळ बघायचं, लिहायचं. बोलायचं नाही. शेवटची अट मला सगळ्यात सोपी वाटली.

संस्थेला मुळशी तालुक्यातली अपुऱ्या दिवसांची जन्मलेली मुलं तपासायची होती, दीड-दोन वर्षांची झाल्यावर. दोन महिने आधी जन्मलेलं मूल दोन महिन्यांनी लहान धरायचं, हा पहिला नियम. चालतं का, बोलतं का, हे आई सांगतेच. पण पाऊल नडगीकडे वळवताना अडतं का, मूठ आपोआप उघडते का, मुलाला कमरेला धरून पुढे झुकवलं तर दोन्ही हात सारखेच पुढे येतात का, हे तपासणाऱ्याला स्वतःच्या हातांनी पाहावं लागतं. अशा पंचवीसएक गोष्टी. प्रत्येकीला तीन, दोन, एक किंवा शून्य गुण. बेरीज कमी आली की मुलाला उपचारासाठी पाठवायचं.

अडचण मुलांची नव्हती, तपासणाऱ्यांची होती. एकीला ताठ लागलेला पाय दुसरीला मऊ लागला, तर बेरजेला अर्थ उरत नाही. म्हणून खोऱ्यात काम सुरू होण्याआधी तपासणाऱ्यांना शिकवून त्यांची परीक्षा घेतली जायची. शिकवणाऱ्या बाई शहरातल्या जुन्या बालरोगतज्ज्ञ. सगळे त्यांना मॅडम म्हणत. किरकोळ अंगाच्या, साठी उलटलेल्या, आणि हात मात्र दिवसभर गरम ठेवणाऱ्या. मुलाला हात लावण्याआधी त्या तो गरम पाण्याच्या तांब्यावर धरत. माणसांच्या बाबतीत अशी काळजी त्या घेत नसत.

"तुमची मतं मला नकोत," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. "एकच पाय चौघींच्या हातांना एकसारखा लागला पाहिजे. ज्यांना जमणार नाही, त्यांनी तसं आजच सांगितलं तरी चालेल."

चौघी म्हणजे मॅडम धरून. शिकणाऱ्या तिघी होत्या. एक तरुण डॉक्टर, पुण्याची. एक फिजिओथेरपिस्ट, अमरावतीकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे बावधनला राहायला आलेली. आणि तिसरी याच खोऱ्यातली नर्स, पंचेचाळिशीची. तिला आया सिस्टर म्हणायच्या, म्हणून आम्हीही. उपकेंद्रातली चौदा वर्षांची नोकरी सोडून ती आली होती. ती जागा लगेच भरली गेली. इथे अपात्र ठरली असती तर तिला परत जायला जागा नव्हती. खोऱ्यालाही तिच्याशिवाय कुणी नव्हतं. डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी जाणार होती, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येणार होती. सिस्टर पात्र ठरली तरच मुलं गावात तपासली जाणार होती. नाहीतर आयांना शहरात बोलावणार, आणि आया जाणार नाहीत, हे मॅडम सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पात्र ठरण्याची अट अशी होती: दहा मुलं तपासायची, त्यांतल्या आठांच्या बाबतीत बेरीज मॅडमच्या बेरजेच्या दोन गुणांच्या आत यायला हवी. मॅडमची बेरीज बरोबर धरायची. ती कुणाशी ताडून पाहायची, असा प्रश्न कागदपत्रांत नव्हता.

सुरुवातीचे दोन आठवडे टेपवर गेले. दुसरीकडे चित्रित केलेली मुलं टीव्हीवर बघून गुण द्यायचे. त्यात सिस्टरचे गुण मॅडमच्या सगळ्यात जवळ यायचे. डॉक्टरला ते रुचलं नाही. "सिस्टर, टेप आधी घरी नेऊन बघता की काय?" असं तिने विचारलं. "माझ्या घरी टीवी हाय, पर त्यावर दिराची मालिका चालू असती," सिस्टर म्हणाली.

मग खरी मुलं यायला लागली. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. पद्धत अशी की एका वेळी एकच तपासणारी खोलीत. बाकीच्या ओसरीवर, म्हणजे एकीचे गुण दुसरीला दिसत नाहीत. तपासणी झाली की फॉर्म माझ्याकडे, मी तो लिफाफ्यात घालायचा आणि वेळ टाकायची. चारही तपासण्या पाहणारा माणूस मी एकटाच होतो. आई बसलेली असायची, पण तिला काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं.

क्रम कुणी ठरवला नव्हता. पहिल्या दिवशी मॅडम आधी उठल्या, त्यांच्यामागे डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट, शेवटी सिस्टर. ताट वाढताना पाहुणे जसे मानाने बसतात तशा. दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळेपर्यंत तो नियम झाला होता.

आता मूल बघा. ते सकाळी सातला घरून निघालेलं, एसटीने आलेलं. दहाला मॅडमचे गरम हात. मूल नवलाने बघतंय, लाल लोकरीच्या चेंडूमागे मान वळवतंय. सव्वादहाला डॉक्टर. तोच चेंडू. साडेदहाच्या पुढे फिजिओथेरपिस्ट. अकराच्या सुमाराला सिस्टर आत यायची, तेव्हा मुलाची झोपेची वेळ टळलेली असायची, तिघींनी तीनदा पाय वाकवलेले असायचे आणि चौथी बाई दिसताच ते आईच्या पदरात तोंड खुपसून किंचाळायचं. रडणारं मूल सगळं अंग ताठ करतं. पाऊल वळत नाही, मुठी उघडत नाहीत. सिस्टर जे हाताला लागायचं ते लिहायची. एक, एक, शून्य, दोन.

फॉर्मवर मुलाच्या अवस्थेचा रकाना होता: शांत, कुरकुरं, रडतं. रडत असेल तर तपासणी थांबवावी, असं खाली छापलेलं होतं. मॅडमनी ते बंद केलं होतं. आधीच्या एका तुकडीत जिला गुण देता येत नसत ती 'रडतं' लिहून सुटायची. "तो अधिकार पात्र झाल्यावर. आत्ता फॉर्म पूर्ण भरायचा."

खरी मुलं यायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात सिस्टरने विषय काढला. "मॅडम, मला येकदा पयली सोडा की. चौथ्या हातात येस्तोवर पोराचा पार पिट्टा पडल्याला असतो."

"मूल तुमच्या हाताला रडतं, सिस्टर. आमच्या तिघींच्या हातात रडलं नाही."

"तुमी ताज्या ताटावर बसता. मला खरवड मिळती."

"इथे जेवायला आलो नाही आपण."

"न्हाई तर न्हाई. पर ह्ये घर उभं हाय ते आमच्या खाचरात. माझ्या दिरानं इकलं. हितं आंबेमोहोर व्हायचा."

"मग आता इथे काय होतं तेही शिकून घ्या," मॅडम म्हणाल्या आणि तांब्यावर हात धरला.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "यांना सांगा, गुडघा सरळ ठेवून पाऊल वळवायचं." "त्यास्नी सांगा, मला ऐकू येतं." डॉक्टर ओसरीवर बसून म्हणायची, "घड्याळाची गरजच नाही. रडणं सुरू झालं की समजायचं, अकरा वाजले." फिजिओथेरपिस्ट हसायची नाही, पण काही बोलायचीही नाही. तिचे गुण जुळत होते.

मला खऱ्या मुलांच्या दुसऱ्या आठवड्यातच दिसलं होतं. वेळेचा रकाना माझ्याच अक्षरात होता. तपासणीची वेळ आणि बेरीज शेजारी शेजारी ठेवली की सहावीतल्या मुलालाही कळलं असतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. वार्ताहराने घटनेत पडू नये, असं मला शिकवलेलं होतं. ते शिक्षण सोयीचं होतं. महिनाअखेर नोकरीही हवी होती.

आठव्या मुलानंतर लिफाफे उघडले. डॉक्टरची आठांपैकी सात जुळली, फिजिओथेरपिस्टची आठही. सिस्टरचं एकच मूल जुळलं होतं. मॅडमनी तिच्या फॉर्मांची चळत टेबलावर ठेवून हाताने सरळ केली.

"दहा पूर्ण करायची पद्धत आहे, म्हणून करा. निकाल तुम्हाला कळला असेलच."

सिस्टरने पिशवी उचलली. "कळला. पयल्या दिशीच कळला व्हता."

नववं मूल शुक्रवारी यायचं होतं. दोन वर्षांची मुलगी, सातव्या महिन्यात झालेली. तिची आई तिला घेऊन पावणेदहाला आली. सिस्टर आलेली होती, ती पायीच यायची. बाकीच्या तिघी शहरातून एका जीपमधून येत. दहा वाजले, सव्वादहा वाजले, जीप आली नाही. फार्महाऊसवर फोन होता. तो वाजला. पिरंगुटच्या घाटात ट्रेलर आडवा झाला होता, दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या होत्या. "मूल थांबवून ठेवा," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी निरोप सांगितला. आई म्हणाली, "मला बाराची एसटी हाय. त्यापुढं चारला."

सिस्टरने मुलीकडे पाहिलं. मुलगी भिंतीच्या कडेने चालत होती आणि कॅमेऱ्याच्या स्टँडला हात लावून बघत होती.

"पोर थांबंल," सिस्टर म्हणाली. "हसत न्हाई थांबायची. मी माझं उरकून घेते."

"मॅडम आल्याशिवाय—"

"मॅडमनी काय सांगितलं? मूल थांबवा. शिस्टर थांबवा असं म्हनल्या का?"

नव्हत्या म्हणाल्या. मी कॅमेरा सुरू केला. त्या दोन हिवाळ्यांत मी न सांगता केलेलं हे एकच काम.

तपासणी सोळा मिनिटं चालली. मुलगी एकदाही रडली नाही. पुढे झुकवल्यावर दोन्ही हात एकदम पुढे आले आणि ती खिदळली, म्हणून सिस्टरने ते परत केलं, गरज नसताना. फॉर्म लिफाफ्यात गेला. वेळ दहा पस्तीस.

जीप अकरा चाळीसला आली. मुलीची झोप दारात माणसं आल्यामुळे मोडली होती. मॅडम तांब्याशी थांबल्या नाहीत. दोन तास रस्त्यात बसून आल्या होत्या. खोलीत शिरल्या आणि मुलगी त्यांना बघून किंचाळली. त्यांनी मांडीवर घेतलं, ती कमान करून मागे गेली. पाऊल वळवलं, वळलं नाही. मुठी बंद. चेंडूकडे तिने पाहिलंही नाही. मॅडमनी सगळा फॉर्म भरला. बारा वाजता बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, मग ती गेल्याचा आवाज आला.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टची पाळी आलीच नाही, मुलगी तपासण्याच्या अवस्थेत नव्हती. मॅडमनी दोन लिफाफे तिथेच उघडले. बेरजेत अकराचा फरक होता.

"नेहमीप्रमाणे," त्या म्हणाल्या.

"नेहमीपरमानं न्हाई," सिस्टर म्हणाली. हे तिने माझ्यामार्फत सांगितलं नाही. "नेहमी माझं कमी असतंया. आज तुमचं कमी हाय."

मॅडमनी दोन्ही फॉर्म परत घेतले. बेरजा पाहिल्या. मग वेळा पाहिल्या. मी टाकलेल्या वेळा त्यांनी याआधी कधी वाचल्या होत्या असं मला वाटत नाही.

"आज मी पयली व्हते," सिस्टर म्हणाली.

आईने मध्येच विचारलं, "बाई, हिला काय झालंय का न्हाई, तेवढं तरी सांगा."

मॅडमच्या फॉर्मप्रमाणे मुलीला उपचाराला पाठवायला हवं होतं. सिस्टर म्हणाली, "हिला काय झाल्यालं न्हाई. झोप आलीया आणि आमी आलोय."

टेप आहे का, असं मॅडमनी मला विचारलं. मी टीव्हीला जोडून दिली. आधी सिस्टरची सोळा मिनिटं झाली. मग मॅडमची. पडद्यावर मॅडमची पाठ होती आणि खांद्यावरून मुलीचं तोंड. रडणं त्यांचा हात लागायच्या आधी सुरू झालेलं स्पष्ट दिसत होतं. मॅडमनी टेप मागे घेऊन ती जागा परत पाहिली. मग पेन काढलं, स्वतःच्या फॉर्मवर तिरपी रेघ मारली आणि लिहिलं: अवस्था अयोग्य, तपासणी रद्द.

"मग माझ्या आठ तपासण्या बी रद्द करा," सिस्टर म्हणाली.

"ते वेगळं आहे."

"कसं काय वेगळं? पोरं तीच, येळ तीच, रडणं त्येच. मी फकस्त डॉक्टर न्हाई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज या खोलीत होता. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मला कुणी विचारलं नाही."

त्यावर दोघींनी माझ्याकडे पाहिलं. महिनाभरात त्यांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

चार वाजेपर्यंत मॅडम आठही चौथ्या पाळ्यांच्या टेपा बघत बसल्या. जेवल्या नाहीत. आईला आणि मुलीला संस्थेच्या जीपने घरी पोचवायला सांगितलं, एवढंच मध्ये बोलल्या. मग सिस्टरला आत बोलावलं. सहा तपासण्यांत मूल आधीपासून रडत होतं, त्या रद्द. दोनांत मूल शांत होतं. त्यांतलं एक जुळलेलं.

"आणि हे दुसरं," टेप थांबवून मॅडम म्हणाल्या. "इथे मूल शांत आहे. दोन्ही पावलांना तुम्ही एकेक गुण दिलात. मी तीन-तीन. इथे चूक तुमची आहे. पाऊल झटक्यात वळवताय. झटका दिला की चांगला पायही अडतो. मुलांना वेळेत एसटीला पोचवायची घाई तुमच्या हातात आलीय."

सिस्टरने पडदा पाहिला.

"दावा मग," ती म्हणाली.

मॅडमनी तिला सतरंजीवर पाय सरळ करून बसवलं आणि तिचं पाऊल हातात घेतलं. आधी तांब्यावर हात धरून आल्या. सावकाश वळवून दाखवलं, मग झटक्यात. "कळला फरक?" "कळला. पर पोरांचं पाय माझ्यागत राबल्यालं नसत्यात." "म्हणूनच म्हणतेय, सावकाश." एवढ्यावर शिकवणी संपली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

पुढच्या मंगळवारपासून चिठ्ठ्या आल्या. स्टीलच्या वाटीत चार चिठ्ठ्या, रोज आधी उचलायच्या. डॉक्टरला दोनदा चौथी पाळी आली. दोन्ही वेळा तिची बेरीज घसरली. दुसऱ्या वेळी ती बाहेर येऊन म्हणाली, "आजचं मूलच तसं होतं." सिस्टर ओसरीवर भाताच्या लोंब्या निवडत होती. "व्हय ताई," ती म्हणाली, "अकरा वाजल्यात."

छापील नियम पुन्हा लागू झाला. रडणाऱ्या मुलाची तपासणी थांबवायची मुभा सगळ्यांना मिळाली. तरी सिस्टरची दहा नव्याने भरायची होती. जुन्या दोन धरल्या, एक जुळलेली, एक चुकलेली. आणखी आठ मुलं. महिनाभरात सात झाली. त्यांतलं एक तीन गुणांनी चुकलं. त्या दिवशी मॅडमनी नुसतं "झटका" एवढंच म्हटलं आणि सिस्टरने मान्य केलं. म्हणजे दोन चुका होऊन गेल्या होत्या. दहावं मूल जुळायलाच हवं होतं.

दहावा एक मुलगा, वीस महिन्यांचा, वय कमी धरून अठरा. चिठ्ठीत सिस्टरला चौथी पाळी आली. तिने चिठ्ठी माझ्याकडे टाकली. "तुमच्या वयीत लिवा," म्हणाली. ती आत आली तेव्हा मुलगा रडत होता. तिने फॉर्मवर 'रडतं' लिहिलं, वेळ टाकायला सांगितली आणि पेन खाली ठेवलं. मुलाला आईकडे दिलं, आईला म्हणाली, "पाज त्याला. आणि माज्याकडं बघू नगंस." मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. दहा मिनिटं गेली. वीस गेली. बाहेरून मॅडमनी दार वाजवलं.

"सिस्टर, किती वेळ?"

"पोर गप झालं की."

"बाराची एसटी आहे ना त्यांची?"

"चारची बी हाय."

दार परत वाजलं नाही. मुलगा पदराखाली झोपला, चाळीस मिनिटांनी उठला. सिस्टरने हात तांब्यावर धरले. तिला तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तपासणी झाली. पाऊल तिने इतकं सावकाश वळवलं की कॅमेऱ्यात ते हललेलं कळतही नव्हतं. मुलाने तिच्या बांगड्या ओढल्या. फॉर्म लिफाफ्यात गेला.

मॅडमनी लिफाफे उघडून फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. एका गुणाचा फरक होता. त्यांनी सगळ्या ओळी दोनदा पाहिल्या, चूक सापडावी अशा बेताने.

"जुळलं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं कुणाशी?" सिस्टरने विचारलं.

मॅडमनी पत्रकावर 'पात्र' लिहून खाली सही केली आणि कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. सिस्टरने तो वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मग म्हणाली, रद्द केलेल्या सहांवर तसं लिहा, माझ्यादेखत. मॅडमनी चळत मागवली. सहा तिरप्या रेघा मारल्या, सहा वेळा तेच शब्द लिहिले. सिस्टर सहावा होईपर्यंत उभी होती. मग मुलाला कडेवर घेऊन, आईला पुढे घालून, ती चारच्या एसटीकडे निघाली.